लशीविषयीचा संशय

मुंबईत १८९६ साली ग्रंथिक सन्निपाताने, अर्थात प्लेगाने, थैमान मांडले असता डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत त्या रोगाचे जंतू मांसरसात वाढवून व नंतर उष्णतेने मारून जी लस सिद्ध केली, ती १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. तथापि पुष्कळ लोक तिच्यापासून चार हात दूरच राहिले.

याला निव्वळ अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या सरकारचे अंमलदार घरझडती घेऊन आजाऱ्याला इस्पितळात आणि त्याच्या आप्तांना वस्तीबाहेरच्या छावणीत नेऊन टाकीत, त्याच सरकारची सुई निःशंकपणे कोण टोचून घेणार? शिवाय लस टोचताच ताप येई, दंड सुजे. हे दुःख आजचे व प्रत्यक्ष, तर टळलेला प्लेग कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. धडधाकट मनुष्याचा हिशेब मोठा चमत्कारिक असतो: आपल्या हाताने ओढवून घेतलेली लहानशी पीडा त्याला आपोआप येणाऱ्या मोठ्या अरिष्टाहून अधिक बोचते.

त्यातच १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि संशयाला सबळ पुरावाच मिळाला. हाफकिन निलंबित झाले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त ठरले, आणि परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळण्यास १९२५ साल उजाडले.