फॉर्मल्डिहाइडविना टिकाऊ लेप

पॉलिश किंवा रंगाचा थर वाळणे आणि तो पक्का होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. द्रावक उडून गेला की थर हाताला कोरडा लागतो. परंतु त्यातील बहुवारिकाचे, म्हणजे असंख्य लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेल्या पदार्थाचे, लांब रेणू सुटेच राहिले, तर थिनर, सांडलेले तेल किंवा उष्णता त्यांना पुन्हा मऊ करते. हे रेणू जागोजागी रासायनिक बंधांनी एकमेकांत गुंतले म्हणजे जाळे तयार होते आणि थर विरघळेनासा होतो. या गुंफणीला क्रॉसलिंकिंग किंवा आडबंधन म्हणतात.

घरातील फर्निचरचे मेलामाइन पॉलिश आणि भट्टीत भाजले जाणारे मोटारींचे अनेक रंग यांत हे आडबंधन बहुधा फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेली रेझिने करतात. आम्लाच्या साहाय्याने ती अल्किड, ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या रेणूंना घट्ट जोडतात. मात्र थर पक्का होताना फॉर्मल्डिहाइडही सुटते. डोळे आणि घसा झोंबवणाऱ्या या वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. त्याचा पहिला त्रास ब्रश किंवा स्प्रेगन हाती धरणाऱ्या कारागिराला होतो.

म्हणून बंध जुळताना काय बाहेर पडते, हा पर्यायी रसायनांचा पहिला निकष ठरतो. पाण्यावर आधारित काही ॲक्रिलिक लेपांत बहुवारिकावर डायॲसिटोन ॲक्रिलामाइडमधून आलेले कीटोन गट असतात आणि पाण्यात ॲडिपिक डायहायड्रॅझाइड विरघळलेले असते. डब्यात पाणी आणि अमोनिया असेपर्यंत त्यांची जोडणी रोखलेली राहते. थर पसरल्यावर दोन्ही उडून जातात, सामू (pH) उतरतो आणि खोलीच्याच तापमानाला हायड्रॅझोन बंध जुळतो. या जोडणीत सुटते ते केवळ पाणी. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटींवरील पावडर कोटिंगमध्ये वापरले जाणारे हायड्रॉक्सिअल्किलअमाइडही सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअसला पॉलिएस्टरशी जोडले जाताना पाणीच सोडते. मात्र थर फार जाड असल्यास ही वाफ बारीक छिद्रे पाडते.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमधील आयसोसायनेट मुख्य जोडणीत काहीच बाहेर टाकत नाही, पण ते स्वतःच श्वसनमार्गाला घातक असून दमा जडवू शकते, म्हणूनच ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेली उत्पादने व्यवसायात हाताळण्यापूर्वी प्रशिक्षण घेणे युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे केले. डब्यावरचा ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ हा शब्द त्यामुळे पुरेसा नाही. डब्यात काय आहे, हेही विचारले पाहिजे. कारखान्यातील भट्टीचा धूर गोळा करून शुद्ध करता येतो, परंतु राहत्या घरात तशी सोय नसते. म्हणून कपाटे आणि लाकडी जमिनी यांसाठी पाणी सोडणाऱ्या लेपांना पहिली पसंती मिळायला हवी.