पातं नऊ इंचांचं, टेन्शन केवढं?

ऑनलाइन सेल लागला की आमच्या ग्रुपवर एखादा 'सर्व्हायव्हल नाइफ' हमखास फिरतो. हरिहर, अंजनेरी करणारे आपण नाशिककर. सॅकमध्ये चाकू हवाच! पण बॉस, ऑर्डर करण्याआधी जरा पट्टी काढा.

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचे नियम २०१६ चे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर तो चाकू शस्त्रांच्या यादीत जातो. तलवार, खंजीर, गुप्तीही त्यातच. घरकाम, शेती, कारखाना किंवा प्रयोगशाळेसाठी बनवलेली पाती वगळली आहेत. म्हणजे आईची विळी सेफ! शिखांच्या कृपाणाला तर राज्यघटनेच्या कलम २५ चाच आधार आहे.

मग छोटा चाकू खिशात चालेल? इथेच खरी गोची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. नाशिकमध्ये सणवार, आंदोलनं, निवडणुका आल्या की ते निघतातच. तेव्हा इंचांचा हिशेब संपला. सुरे आणि लाठ्याकाठ्या बाहेर मिरवणं बंद. पेपरात दिसणारं '४/२५ सह १३५' ते हेच. हे आकडे आपल्या नावापुढे लागले, तर पासपोर्ट आणि नोकरीचं व्हेरिफिकेशन दोन्ही अडकू शकतं.

माझा फंडा सोपा: ट्रेकला बोटभर फोल्डिंग चाकू, तोही सॅकच्या तळाशी. घरी आलो की थेट किचनच्या ड्रॉवरमध्ये. बाइकच्या डिकीत मात्र कधीच नाही. आणि ट्रेकआधी मनाई आदेशाची बातमी जरूर बघा!