वाड्याच्या चौकापासून बाल्कनीपर्यंत

पुण्याच्या जुन्या वाड्यांत झाडाची जागा उन्हावर ठरत असे. चौकात वर उघडं आभाळ, म्हणून तिथे तुळशी वृंदावन. परसात भरपूर ऊन मिळेल अशा बाजूला जास्वंद आणि मोगरा. अर्ध्या उन्हावर भागवणारी अबोली जरा आडोशाला. आणि न्हाणीघराचं पाणी वाहून जाई त्या ओल्या, सावलीच्या पट्ट्यात अळू. बागकामाचं पुस्तक न उघडताही घरातल्या बायकांना ही वाटणी पाठ होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. त्यानंतर शहर बाहेरच्या बाजूला झपाट्यानं वाढलं. डेक्कनच्या परिसरात आधीपासून असलेले बंगले आता दूरच्या वसाहतींतही उभे राहिले. बंगल्याला चारही बाजूंनी मोकळी जागा, त्यामुळे प्रत्येक बाजूचा उजेड निराळा. फाटकावर बोगनवेल चढली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वेल कडक ऊन आणि थोडा पाण्याचा ताण मिळाला की बहरते. सावलीत नुसती पानं काढते. समोर गुलाबाचे वाफे, कुंपणाला रंगीबेरंगी क्रोटन.

अडचण पुढे आली. गुलाबांबरोबरच लावलेला आंबा पंधरा-वीस वर्षांत पसरला. रोज पाच-सहा तास ऊन लागणारे गुलाब त्याच्याखाली उंच, किडकिडीत झाले आणि कळ्या धरेनात. क्रोटनचे लाल-पिवळे रंग मावळून पानं हिरवी पडली. कोणी खत वाढवलं, कोणी माती बदलली. ज्यांनी गुलाब गच्चीवर हलवून आंब्याखाली नेचे आणि ड्रॅसिना लावले, त्यांची बाग टिकली.

मग बंगल्यांच्या जागी इमारती आल्या आणि बाग बाल्कनीच्या ग्रिलपुरती उरली. इथे मनीप्लांटचं राज्य सुरू झालं. पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरची ही वेल झाडांच्या आधारानं वर चढणारी. खिडकीतल्या बाटलीत तिचं पान तळहातात मावतं. तीच वेल कोकणात किंवा गोव्यात माडावर चढली की पान सुपाएवढं होतं आणि कडांनी फाटत जातं. कमी उजेडातही ती जगते, म्हणूनच अंधाऱ्या हॉलमध्येही तिचा निभाव लागला. तिच्या जोडीला स्नेक प्लांट आला आणि पुढे झेडझेड प्लांट. हा मूळचा पूर्व आफ्रिकेचा. १९९६च्या सुमारास डच रोपवाटिकांनी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली. जमिनीखालच्या जाड कंदात तो पाणी साठवतो, त्यामुळे सावलीत त्याला रोज पाणी घातलं तर तो कुजतो.

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरी कुंड्या वाढल्या आणि बाल्कनीची दिशा हा गप्पांचा विषय झाला. पुण्याच्या अक्षांशावर हे गणित गमतीचं आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत शिरतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेची बाल्कनी तेव्हा बरीचशी सावलीत जाते, तर उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. हिवाळ्यात तिथे सुखानं वाढलेल्या अग्लोनिमाची पानं मे महिन्यात करपतात, ती याच उन्हानं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून फुललेला गुलाब घेणारे आजही पुष्कळ. पण आता रोपवाटिकेत गुलाबाची किंमत विचारण्याआधी ‘आमच्याकडे फक्त सकाळचं दोन तास ऊन येतं, चालेल का?’ असं विचारणारी गिऱ्हाईकंही भेटतात. अशांना जाणता माळी गुलाब देत नाही. पीस लिली, नेचे किंवा अबोलीच्या कुंड्यांकडे नेतो, आणि मोगरा हवाच असेल तर गच्ची आहे का, हे आधी विचारून घेतो.