कागद नाही, मग किंमत कसली?

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीत ई-बुकचं कोटेशन आलं की हा प्रश्न हमखास निघतो. छपाई नाही, बांधणी नाही, गोदाम नाही. मग एवढे पैसे कशाचे? पण अभ्यासग्रंथाचा मोठा खर्च कागदावर होतच नाही. तज्ज्ञांकडून हस्तलिखित तपासून घेणं, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी यातलं काहीच पडद्यावरच्या पुस्तकाला चुकत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या २० विद्यापीठ प्रकाशनसंस्थांचे हिशेब तपासले गेले. छपाई न धरताही एका ग्रंथाचा खर्च सुमारे १५ हजार डॉलरपासून १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत निघाला. म्हणून प्रकाशक सांगेल तो भाव रास्तच, असं मात्र नव्हे.

त्याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे, पैसे भरले की पुस्तक आपलं. छापील प्रतीवर शिक्का बसला, दाखल क्रमांक पडला की ती ग्रंथालयाची झाली. ई-बुकच्या बाबतीत बहुतेक वेळा हाती येतो तो वाचण्याचा परवाना. तो एका वेळी एकाच वाचकापुरता असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री एक विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो आणि दुसऱ्याला ‘पुस्तक वापरात आहे’ एवढीच सूचना दिसते. फाइल एकाच वेळी शंभर जणांना उघडता येते. अडवतो तो करार.

शिवाय परवाना मध्येच आटोपूही शकतो. ऑगस्ट २०२२च्या अखेरीस, अमेरिकेत नवं सत्र सुरू होत असताना, वायली या प्रकाशनसंस्थेने प्रोक्वेस्ट या वितरकाच्या वर्गणीच्या संचातून १,३००हून अधिक ई-पुस्तकं काढून घेतली. त्यातली कित्येक अभ्यासक्रमात लावलेली होती. ओरड झाल्यावर ती परत आली, पण तात्पुरती. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये प्रोक्वेस्टची मालक कंपनी क्लॅरिव्हेट हिने एकरकमी खरेदीच बंद करून सगळा भर वर्गणीवर देण्याचं जाहीर केलं. ग्रंथपाल खवळले, तेव्हा कंपनीने फक्त मुदत वाढवली.

आपल्याकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे आता सगळी पुस्तकं मिळणार, अशी समजूत प्राध्यापकांतही आढळते. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेली ही ६,००० कोटींची, तीन वर्षांची योजना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी आहे. ई-पुस्तकांची तरतूद ग्रंथालयाला वेगळीच करावी लागते.

आणि फुकट ते पौष्टिक नसतं, हेही इथे सरसकट लागू नाही. एमआयटी प्रेसने २०२१मध्ये ‘डायरेक्ट टू ओपन’ योजना जाहीर केली. ग्रंथालयांनी मिळून ठरलेली रक्कम जमवली की नवे अभ्यासग्रंथ जगभरच्या वाचकांना मोफत खुले होतात. तज्ज्ञांची चाळणी तीच राहते. फक्त पैसे वाचकाकडून न घेता आधीच उभे केलेले असतात. नंदुरबारच्या विद्यार्थ्यालाही ते पुस्तक उतरवून घेता येतं, लॉगिन न करता.