कॉल, रेझ की फोल्ड? आधी हिशेब
पोकरमध्ये डाव धरावा की सोडावा, हे पत्त्यांइतकेच पॉटमधील रकमेवर ठरते. टेक्सास होल्डेममध्ये हातातील दोन्ही आणि टेबलावरील चारपैकी दोन पत्ते बदामाचे असतील, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम उरतात. शेवटच्या पत्त्यावर फ्लश जुळण्याची शक्यता सुमारे २० टक्के. ४०० रुपयांच्या पॉटवर प्रतिस्पर्ध्याने १०० लावल्यास १७ टक्के शक्यताही पुरते, कॉल योग्य. त्याने ४०० लावल्यास ३३ टक्के हवेत, फोल्ड करावा. पत्ते सरस असतील किंवा प्रतिस्पर्धी माघार घेण्याची चिन्हे असतील, तर रेझ. आधी लावलेले पैसे आपले राहिलेले नसतात. त्यांच्या मोहाने केलेला कॉल तोटाच वाढवतो.