गीतांच्या राज्यातील राणी

फ्रान्समध्ये लुआर नदीपासून जवळच फोंतव्रो नावाचा एक प्राचीन मठ आहे. तेथील चर्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची शयनमूर्ती असून तिच्या शेजारी त्याची राणी एलिनॉर हिची मूर्ती आहे. राजाचे डोळे मिटलेले आहेत. राणीच्या हातांत मात्र उघडे पुस्तक आहे. ज्या पतीने तिला सुमारे पंधरा वर्षे बंदिवासात ठेवले, त्याच्याच शेजारी ती आज आठशे वर्षे ग्रंथवाचनात मग्न होऊन पहुडली आहे. ह्या एका दृश्यात तिच्या आयुष्याचे सार सामावले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

एलिनॉरचा जन्म इ. स. ११२२ किंवा ११२४ च्या सुमारास झाला. तिचे माहेर म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधील अ‍ॅक्विटेनची विस्तीर्ण व संपन्न डची. तिचा आजोबा नववा विल्यम (१०७१–११२६) हा पराक्रमी आणि तितकाच रंगेल सरदार होता. परंतु वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळ्याच कारणाने अढळ झाले आहे. ज्यांच्या रचना आज उपलब्ध आहेत, अशा त्रुबादूर कवींमध्ये तो आद्य मानला जातो.

त्रुबादूर म्हणजे दक्षिण फ्रान्समधील कवि-गायक. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यांनी आपल्या प्रांताच्या बोलीत, म्हणजे ऑक्सितान भाषेत, गीते रचली आणि त्यांना स्वतःच चाली दिल्या. त्यांत राजे होते, तसे सामान्य कुळांत जन्मलेलेही होते. बर्नार द व्हेंतादोर्न हा श्रेष्ठ कवी गढीतील भट्टी पेटविणाऱ्या सेवकाचा मुलगा होता, असे त्याचे जुने चरित्र सांगते. तो पुढे एलिनॉरच्या आश्रयास आला, असेही तेथे म्हटले आहे. अर्थात ही चरित्रे कवींच्या मागाहून लिहिली गेली असल्याने त्यांतील प्रत्येक शब्द प्रमाण मानता येत नाही.

ह्या काव्याचा विषय प्रेम. पण ते मोठे संयमी प्रेम. कवी एखाद्या थोर घरच्या, बहुधा विवाहित स्त्रीला आपले हृदय वाहतो, तिची सेवा करतो, विरहाने झुरतो आणि त्या झुरण्यातच आपले चारित्र्य उजळते असे मानतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो तिला ज्या शब्दाने संबोधतो त्याचा मूळ अर्थ 'माझा धनी' असा पुल्लिंगी आहे. मांडलिकाने अधिपतीपुढे गुडघे टेकावेत तसा कवी स्त्रीपुढे नतमस्तक होतो. स्त्रियाही मागे नव्हत्या. दीआची काउंटेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवयित्रीचे एक गीत त्याच्या मूळ चालीसह आजही उपलब्ध आहे.

काव्यात स्त्री धनी झाली. व्यवहारात तिचे स्थान काय होते? इ. स. ११३७ मध्ये सांतियागोच्या यात्रेत एलिनॉरच्या वडिलांचा मृत्यू झाला आणि तेरा ते पंधरा वर्षांची ही मुलगी अवघ्या अ‍ॅक्विटेनची वारस ठरली. त्याच वर्षी जुलै महिन्यात बोर्दो येथे फ्रान्सच्या युवराजाशी तिचा विवाह लावण्यात आला. थोड्याच दिवसांत सासऱ्याचे निधन होऊन तिचा पती सातवा लुई म्हणून राजा झाला. तिने लुईला दिलेला स्फटिकाचा कलश पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. त्या कलशाबरोबरच तिचा सारा मुलूखही सासरी गेला होता.

लुई धार्मिक वृत्तीचा, एलिनॉर तेजस्वी आणि स्वतंत्र बाण्याची. दुसऱ्या क्रूसेडमध्ये ती पतीसह पूर्वेकडे गेली. तेथे अँटिऑक येथे दोघांत तीव्र मतभेद झाले. दोन मुली झाल्या, पण पुत्र नाही. अखेर इ. स. ११५२ च्या मार्चमध्ये निकटच्या नात्याचे कारण दाखवून तो विवाह रद्द ठरविण्यात आला. मुली पित्याकडे राहिल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच एलिनॉरने एकोणीस वर्षांच्या हेन्रीशी लग्न केले. नात्याची अडचण तेथेही तितकीच होती. मात्र ह्या वेळी निवड तिची स्वतःची होती. ११५४ मध्ये हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला आणि फ्रान्सची एकेकाळची राणी इंग्लंडची राणी झाली.

ह्या संसारात तिला पाच पुत्र व तीन कन्या झाल्या. पुढे काही वर्षे तिने प्वातिए येथे राहून आपल्या मुलखाचा कारभार पाहिला. तेथे ती आणि तिची थोरली कन्या, शांपेनची काउंटेस मारी, 'प्रेमाचे न्यायालय' भरवून प्रणयाच्या तंट्यांचे निवाडे देत असत, अशी रम्य कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिचा आधार आंद्रेआस कापेलानुस ह्याच्या लॅटिन ग्रंथात आहे; परंतु तो वाङ्मयीन विनोद असावा आणि अशी न्यायालये प्रत्यक्षात भरलीच नसावीत, असे आजचे बहुतेक इतिहासकार मानतात.

खरा न्याय मात्र कठोर होता. ११७३ मध्ये मुलांनी पित्याविरुद्ध बंड केले आणि एलिनॉरने त्यांची बाजू घेतली. पुरुषवेषात निसटत असता ती पकडली गेली, असे एका समकालीन इतिवृत्तकाराने नोंदविले आहे. मुलांना क्षमा मिळाली, आईला बंदिवास. ११८९ मध्ये हेन्रीचा अंत होईपर्यंत तो संपला नाही. हेन्रीची प्रेयसी रोझामंड हिला एलिनॉरने विष पाजल्याची दंतकथा पुढे प्रचलित झाली; परंतु रोझामंड वारली तेव्हा राणी स्वतःच कैदेत होती!

सुटली तेव्हा तिचे वय पासष्टीच्या घरात होते. आणि तिचे खरे कर्तृत्व येथून पुढे दिसते. क्रूसेडहून परतताना तिचा पुत्र रिचर्ड ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदी मागण्यात आली. उत्पन्नाचा चौथा हिस्सा, चर्चमधील चांदीची भांडी, मठांतील लोकर असे सर्व काही त्यासाठी गोळा करण्यात आले. वृद्ध माता स्वतः जर्मनीत गेली आणि ११९४ च्या फेब्रुवारीत पुत्राला सोडवून घेऊन आली. कैदेत असताना रिचर्डने रचलेले गीत आजही उपलब्ध आहे. आद्य त्रुबादूराच्या पणतूला ते शोभण्यासारखेच होते.

इ. स. १२०० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, ती पिरेनीज पर्वत ओलांडून कॅस्टीलला गेली आणि बारा वर्षांच्या नातीला, ब्लांशला, फ्रान्सच्या युवराजाशी विवाह करण्यासाठी घेऊन आली. दोन राज्यांतील तहाची ती एक अट होती. कोवळ्या वयात स्वतः मुलखाबरोबर दिली गेलेली ही स्त्री नातीला त्याच वाटेने नेत होती. त्या प्रवासात आजीने नातीला काय सांगितले असेल? इतिहास ह्याविषयी मौन बाळगतो. एवढे मात्र खरे, की हीच ब्लांश पुढे राजमाता म्हणून फ्रान्सचा कारभार समर्थपणे पाहणार होती.

१२०४ मध्ये एलिनॉरने देह ठेवला. कवींनी स्त्रीला सिंहासनावर बसविले, ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे युरोपचे मन अधिक मृदू झाले. परंतु स्तुती म्हणजे अधिकार नव्हे. घरातील स्त्रीला लक्ष्मी म्हणून गौरवावयाचे आणि तिच्या आयुष्याचे निर्णय मात्र तिला न विचारता घ्यावयाचे, ही रीत केवळ बाराव्या शतकातील फ्रान्सची नाही, हे आपण सर्व जण जाणतो. एलिनॉरच्या हातातील ते पुस्तक म्हणूनच मला तिच्या मुकुटाहून अधिक मोलाचे वाटते. मुकुट तिला विवाहाने मिळाले. हे वाचन तिचे स्वतःचे आहे.