चुकून सुटलेली गोळी आणि वैद्याचे कर्तव्य

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून परवानाधारक रिव्हॉल्व्हर निसटले व गोळी त्यांच्या डाव्या पायात शिरली. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा काडतुसावरच टेकलेला असतो. त्यावर आघात होताच चाप न ओढताही बार उडतो.

भिवपुरीसारख्या गावी असा रुग्ण प्रथम आपल्याच दारी येईल. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६ व २७ व्या अध्यायांत शल्याचा शोध व निर्हरण सांगितले. तसेच विशल्यघ्न मर्मांतील शल्य काढताच मृत्यू ओढवतो, असेही बजावले. शल्य केव्हा काढू नये, हे जाणणेही शल्यतंत्रच होय.

व्रणमुख लहान असले तरी आत रक्तवाहिनी वा अस्थी भंगलेली असू शकते. म्हणून एषणी घालू नये, हळद वा तेल भरू नये. निर्जंतुक गॉजने घट्ट दाब द्यावा, अवयव स्थिर करावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. औषधालयांनीही गॉज व रुंद पट्ट्यांचा साठा सदैव ठेवावा.

पोलिसांना कळवावे, मात्र त्यासाठी उपचार थांबवू नयेत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच प्राणरक्षणास अग्रक्रम दिला आहे.